कलकत्त्याचे दिंड

आमच्या बाई दर रविवारी सकाळी प्लॅटफॉर्म तिकीट काढून सोलापूर स्टेशनात जात. त्यांना कुणाला पोचवायचं नसे की कुणाला उतरवून घ्यायचं नसे. मद्रासकडची गाडी थांबली की त्या एकेका खिडकीशी जाऊन प्रवाशांना तीन प्रश्न विचारत. तुमचं गाव कोणतं? तिथे स्वस्त आणि चांगलं खायला कुठे मिळतं? तिथे तुम्ही स्वतः खाल्लंय का? तिसऱ्या प्रश्नाला 'हो' आलं तरच काखेतली जाड पुठ्ठ्याची वही उघडायची, नाहीतर पुढची खिडकी.

बाई आम्हाला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत. पंचेचाळिशीच्या, उंच, हातमागाचं जाडं लुगडं आणि पायांत पुरुषी वहाणा. लग्न केलेलं नव्हतं. स्टेशनावरच्या लोकांना त्या कोण हे कधीच नीट कळलं नाही. कुणाला त्या सरकारी तपासनीस वाटत, कुणाला डोक्याने थोड्या कमी. एकदा गुंटकलच्या एका बाईला वाटलं, ही बिचारी भुकेलीय. तिने खिडकीतून दोन पुऱ्या आणि लोणचं पुढे केलं. बाईंनी ते उभ्या उभ्या खाल्लं, पदराला हात पुसले आणि वहीत लिहिलं: 'गुंटकल. पुरी उत्तम. परंतु घरची, म्हणून नोंद नाही.'

एक म्हातारे हमाल त्यांच्यावर लक्ष ठेवून असत. ते म्हणत, "बाई, उस डब्बे में नक्को जाव, फौजी बैठे सो हैं." बाई नेमक्या त्याच डब्याशी जात. फौजी माणूस देशभर फिरलेला असतो, त्याला विचारायचं नाही तर कुणाला, असं त्यांचं म्हणणं. एका रविवारी त्या फौजींकडून अकरा गावं घेऊन आल्या आणि सोमवारी वर्गात फळ्यावर ती अकरा गावं लिहून त्यांनी आम्हाला नमुना निवड शिकवली.

"एक साक्षीदार म्हणजे अफवा," त्या म्हणत, "आणि एकमेकांना न ओळखणारे दोन साक्षीदार म्हणजे माहिती." दुसरा साक्षीदार मिळाला की नोंदीपुढे लाल पेन्सिलीची खूण होई.

मला हे सगळं नीट मांडता येईल की नाही, माहीत नाही. मी मंगळवेढ्याच्या पलीकडच्या कोरडवाहू गावातली. घरी मेंढरं आणि ज्वारीची थोडी जमीन. आमच्या घरात सातवीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. सोलापुरात मी शुक्रवार पेठेत आत्याकडे राहत होते. आत्याचे मालक रोज सायकलने अक्कलकोट रोडला मागावर कामाला जात. त्यांच्या घरापासून दोन घरं सोडून बाईंच्या दोन खोल्या होत्या. वर्गात तोंडातून 'हाय-न्हाय' निघेल म्हणून मी सहसा बोलतच नसे.

बाई विद्यार्थ्यांना नावाने हाक मारत नसत, हजेरीच्या आकड्याने मारत. मी सत्तेचाळीस. कॉलेजात, गल्लीत, भाजीच्या गाड्यावर, सगळीकडे सत्तेचाळीस. पुढे आत्याही कधी चुकून म्हणायची, "सत्तेचाळीस, जरा पाणी भर गं."

पहिल्यांदा त्यांच्या खोलीवर गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "चहा घेणार?" मी म्हटलं, "नको." त्या म्हणाल्या, "बरं," आणि एकाच कपाचं आधण ठेवलं. मग माझ्यासमोर बसून सावकाश चहा प्यायल्या. मला चहा हवा होता. पण आमच्याकडे कुणी काही दिलं तर आधी नको म्हणायचं, मग पुन्हा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा आग्रह झाला की घ्यायचं. लगेच हो म्हणणाऱ्या मुलीला हावरट म्हणतात. दुसऱ्या खेपेलाही असंच झालं. तिसऱ्या खेपेला बाईंनी विचारलं आणि मी मान खाली घालून म्हटलं, "घेते." त्यांनी दोन कपांचं आधण ठेवलं.

त्या दिवशी त्यांनी मला वही दाखवली. शेकड्यांनी गावं होती. त्रिचीत पहाटे डोसे कुठे मिळतात, जबलपूरला कुठल्या चौकात जिलबी घ्यावी, आणि प्रत्येकापुढे एक किंवा दोन साक्षीदार. मी विचारलं, "बाई, ह्यातल्या किती ठिकाणी तुम्ही जेवलात?"

"एकाही नाही," त्या म्हणाल्या.

आतल्या खोलीत त्यांची आई अकरा वर्षं अंथरुणावर होती. एम. ए.ची पुण्यातली दोन वर्षं सोडली तर बाईंनी जिल्हा ओलांडला नव्हता. रविवारी सकाळी शेजारची एक मुलगी आईजवळ दोन तास बसे, तेवढ्यात स्टेशन.

वहीतल्या एका नोंदीवर बाईंचा फार जीव होता. 'कलकत्ता. चिनी वस्ती. दिंड-सम. सकाळी लवकर जावे. रांग असते. स्वस्त.' पुढे लाल खूण. तागाच्या गिरणीतला एक फिटर आणि एक मद्रासी नर्स, असे दोन साक्षीदार. दोघांनी वेगवेगळ्या वर्षी एकच सांगितलं होतं: पिठाची पारी, आत सारण, बांबूच्या टोपलीत वाफेवर उकडतात.

"म्हणजे दिंडच की," बाई म्हणाल्या.

दिंड आमच्याकडे नागपंचमीला करतात. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून कणकेच्या पोळीत पुरण ठेवून चौकोनी घडी घालायची आणि उकडायचं. आई करते. वर तुपाची धार. तर चिनी लोकही दिंड करतात, अशी बाईंची पक्की खात्री होती. मी चाचरत विचारलं, "मग ते 'सम' कशाला?"

"सम म्हणजे सारखं. दिंडासम. हुबेहूब दिंड नसतील, दिंडासारखे असतील. बघ, किती नेमकं नाव ठेवलंय त्यांनी."

वर्गातल्या एका शहाण्या मुलाने सांगितलं की चिन्यांना मराठी कुठून येणार. बाईंनी त्याला विचारलं, तू स्वतः खाल्लंस का?

मी शेवटच्या वर्षाला असताना, थंडीत बाईंची आई गेली. त्यानंतर दोन रविवार बाई स्टेशनात गेल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी वर्गात विचारलं, कलकत्त्याच्या एका मोठ्या संस्थेत संख्याशास्त्राचं पुढचं शिक्षण मिळतं, शिष्यवृत्तीसुद्धा आहे, फॉर्म कुणाला हवाय? बोलताना त्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "नको बाई. माझ्यानं न्हाय व्हायचं."

त्यांनी फॉर्म पिशवीत ठेवला आणि पुढचं प्रमेय काढलं.

मी चार दिवस जेवले नाही म्हटलं तरी चालेल. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. विचारलं, "फॉर्म हाय का अजून?" बाईंनी टेबलाचा खण उघडला. आत एकच फॉर्म होता, आणि वर बारीक पेन्सिलीने लिहिलं होतं, सत्तेचाळीस.

परीक्षा आणि मुलाखत कलकत्त्यालाच, जूनमध्ये. घरून कोण सोडणार? बाई एसटीने मंगळवेढ्याला आल्या आणि तिथून पाच मैल चालत आमच्या गावी. आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं घेऊन परतेपर्यंत त्या ओट्यावर बसून होत्या. मग त्यांनी आबांना सगळं समजावलं. सत्तेचाळीस हुशार आहे, सत्तेचाळीसने गेलं पाहिजे, सत्तेचाळीसबरोबर मी जाईन.

आबांनी आईला हळूच विचारलं, "ह्या सत्तेचाळीस मेंढरं कुणाची म्हणत्यात?"

चुलते म्हणाले, सांगोल्याकडचं स्थळ आलंय, मुलगा ग्रामसेवक आहे, ती माणसं श्रावणापर्यंत थांबतील, पुढे नाही. आबा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. शेवटी म्हणाले, "परीक्षा देऊन या. फुडचं फुडं बघू." हो नव्हतं ते. पण नाहीही नव्हतं.

दौंड, मनमाड करत आम्ही हावड्याला निघालो. बाई खिडकीशी बसून नुसत्या बोलत होत्या. भुसावळ आलं की भुसावळचं काय, नागपूर आलं की नागपूरचं काय, वही न उघडता. रात्रीतून मी दोनदा जागी झाले तर त्या बाहेरच्या अंधाराकडे बघत ताठ बसलेल्या. लेखी परीक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशी यादी लागली. अकराजणांना मुलाखतीला बोलावलं होतं, त्यात मी होते. बाई म्हणाल्या, "मुलाखत उद्या अकराला आहे. दिंड सातला मिळतात. वेळ आहे."

अरुंद गल्लीत वरच्या मजल्यावर ते हॉटेल होतं. जिन्यावर रांग. दाराशी काचेखाली इंग्रजी वर्तमानपत्रातला एक लेख कापून लावला होता, त्यात या जागेची फार तारीफ केली होती. रांगेत गोदीतले हमाल होते, कारकून होते, एक साहेबी माणूस कुत्रं घेऊन आला होता. बाईंनी मला कोपराने ढोसलं. वहीत 'रांग असते' लिहिलं होतं ना, असा त्याचा अर्थ.

आत गेलो आणि बाई दारातच थबकल्या.

फार आवाज होता. संगमरवरी गोल टेबलांवर ओळखीअनोळखीची माणसं दाटीने बसली होती. वाफ, घाम, भांड्यांचा खणखणाट. टोपल्यांची चळत घेतलेली माणसं टेबलांमधून फिरत होती आणि आपल्याजवळ काय आहे ते ओरडून सांगत होती. हात केला की टोपली समोर येई. नाही केला की ते पुढे जात. आम्हाला एका बंगाली बाबूंच्या टेबलावर जागा मिळाली. बाईंनी पिशवी मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली.

पहिला माणूस आमच्याशी थांबला. बाई हलकेच म्हणाल्या, "नको." तो गेला. दुसरा थांबला. बाई पुन्हा म्हणाल्या, "नको."

मी त्यांच्याकडे बघितलं. कपाळावरून घाम चालला होता. त्या म्हणाल्या, "सत्तेचाळीस, आपण चहा घेऊ आणि जाऊ. तुझी मुलाखत आहे. पोट बिघडलं तर."

कारण खरं होतं. त्यात चूक काढता आली नसती. पण त्यांचा तो नको मला ओळखू आला. मी जन्मभर तोच म्हणत आले होते. शेकडो गावांतलं खाणं ज्यांना पाठ होतं, त्या बाई आयुष्यात पहिल्यांदा वहीतल्या एका ठिकाणी टेबलाशी बसल्या होत्या, आणि त्यांना भीती वाटत होती. मला तर जाऊ दे म्हणणंच सोपं होतं. बाई म्हणतायत, कशाला उगाच.

मी उठून उभी राहिले. पलीकडे टोपल्या घेऊन एकजण पाठमोरा चालला होता. मी हाक मारली, "ओ दादा, हितं या की."

आवाज मोठा निघाला. माळावर मेंढरांना घालतात तसला. चार टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. तो माणूसही वळला, तर तो चांगला सत्तरीचा म्हातारा चिनी होता. आला आणि आमच्यापुढे टोपल्या ठेवून उभा राहिला. आता काय विचारायचं ते सुचेना. मी म्हटलं, "दिंड?"

म्हातारा मान डोलवत काहीतरी म्हणाला. त्यात 'डिम' असं मला स्पष्ट ऐकू आलं. बाईंनाही आलं असणार, कारण त्यांनी पिशवीवरचा एक हात काढला.

बंगाली बाबू मदतीला आले. त्यांनी हिंदीत सांगितलं, ह्यात डुक्कर आहे, ह्यात कोळंबी, आणि हा पांढरा पाव गोड, आत डाळीचं सारण. बाई मांसाहार करत नसत, त्यांना गोड मिळाला. मी कोळंबीची टोपली घेतली. मी समुद्र पाहिला नव्हता, कोळंबी म्हणजे काय तेही नीट माहीत नव्हतं. पारी इतकी पातळ की आतलं गुलाबी दिसत होतं. तोंडात घातलं, भाजून निघालं, आणि फार चांगलं लागलं.

बाईंनी पाव मोडला. आत काळपट तांबडं सारण होतं. घास घेऊन त्यांनी डोळे मिटले आणि इतका वेळ चावत राहिल्या की मला काळजी वाटली.

"पुरण आहे," त्या म्हणाल्या. "वेलदोडा नाही. पण पुरण आहे."

मग त्यांनी दुसरा घेतला, तिसरा घेतला. पावाच्या बुडाला चिकटलेला कागदही त्यांनी दोनदा खाल्ला आणि कणीक जरा चिवट असल्याचं सांगितलं. बाबूंनी शेवटी राहवेना म्हणून खुलासा केला तेव्हा त्या मोठ्याने हसल्या. बाईंना हसताना मी तेव्हाच पाहिलं. पैसे कॉलेजच्या कँटीनइतकेच झाले. उठण्याआधी त्यांनी वही काढली, ती नोंद शोधली आणि दोन साक्षीदारांखाली तिसरा लिहिला: 'स्वतः.'

मग घड्याळ बघून म्हणाल्या, "चल. उशीर नको."

मुलाखतीला पाच माणसं होती. फळ्यावर एक उदाहरण घातलं, ते मी सोडवलं. दुसऱ्यात अडकले, पण मार्ग दाखवल्यावर सुटलं. मग मधले पिकल्या केसांचे सर खूप मायेने बोलू लागले. तुझं गणित चांगलं आहे. पण इंग्रजी कच्चं आहे, इथला अभ्यास अवघड आहे, घरापासून फार लांब येशील. पुण्यात वगैरे जवळ बघितलंस तर बरं नाही का? घाई नाही, विचार कर आणि आम्हाला कळव.

इतक्या चांगल्या माणसाला आमच्याकडे 'बरं' म्हणतात. माझ्या तोंडाशी ते आलंही होतं. बाहेर बाकावर बाई बसल्या होत्या, त्या आत येऊन काही सांगणार नव्हत्या. मी म्हटलं, "नो सर. आय वाँट धिस. हियर."

माझं इंग्रजी तिथेच संपलं. सर थोडे हसले. त्यांनी विचारलं, वर्गात समजलं नाही तर काय करशील?

मी म्हटलं, "आय विल आस्क. टू टाइम्स. थ्री टाइम्स."

बाहेर आले तर बाई बाकावर बसल्या बसल्या झोपल्या होत्या, पिशवी मांडीवर. त्यांनी मुलाखतीबद्दल काही विचारलं नाही. मीच सगळं सांगितलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "हियर म्हणालीस?" मी म्हटलं, व्हय. त्या म्हणाल्या, "छान."

पत्र कॉलेजच्या पत्त्यावर आलं. आषाढ संपत आला होता. बाई ते घेऊन तडक गावी आल्या. आबा, चुलते, आई, सगळ्यांसमोर त्यांनी ते आधी इंग्रजीत वाचलं आणि मग एकेक ओळ मराठीत सांगितली. जागा मिळाली होती, शिष्यवृत्ती मिळाली होती, वसतिगृहात खोली होती.

चुलते म्हणाले, सांगोल्याच्या लोकांना काय सांगायचं? आईने बाईंना जेवायला वाढलं, आबा खांबाला टेकून बसून. मी चुलीशी होते. मला वाटलं होतं त्याहून जास्त भीती वाटत होती. कलकत्त्यात मी जे म्हणाले ते इथे म्हणायची माझी छाती नव्हती. तरी मी उंबऱ्यापर्यंत आले आणि म्हटलं, "आबा, मला जायचंय."

आई हातातली भाकरी तशीच धरून उभी होती. आबा माझ्याकडे बघत राहिले, मग बाईंकडे वळले.

"बाई, तितं थंडी पडती का?"

बाईंनी कलकत्त्याच्या हवेचे बारा महिन्यांचे आकडे मला गाडीत म्हणून दाखवले होते. उत्तरपत्रिकेत दशांश चिन्हाची जागा चुकली तर त्या पूर्ण गुण कापत. जूनमधले ते चार दिवस आम्ही दोघी नुसत्या घामाने निथळत होतो. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला, आणि आबांच्या डोळ्यांकडे सरळ बघत म्हणाल्या, "पडते. लई पडते."

आबांनी मान हलवली. उठले, पागोटं सारखं केलं, आणि दारापुढं बसलेल्या मेंढरांकडे जाऊन उभे राहिले. एकेक काळं मेंढरू निरखत होते. तिथूनच त्यांनी आईला हाक मारली.

"औंदाची काळी लोकर इकायची न्हाय. पोरीला घोंगडं लागंल."